पेट्रोलची वाफ कुठून निसटते? घरच्या घरी करायचे निदान

उन्हात उभ्या गाडीच्या टाकीतल्या पेट्रोलची इंजिन बंद असतानाही वाफ होत राहते. ही वाफ हवेत सुटली, की तिच्यातली हायड्रोकार्बन्स आणि धुरातले नायट्रोजन ऑक्साइड सूर्यप्रकाशात एकत्र येऊन जमिनीलगत ओझोन तयार करतात. लॉस एंजेलिसच्या डोळे झोंबवणाऱ्या धुरक्यामागे हेच रसायन आहे, हे आरी हाखेन-स्मिट यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले. पुढे कॅलिफोर्नियात १९७०च्या आणि सगळ्या अमेरिकेत १९७१च्या मॉडेलपासून ही वाफ गाडीतच अडवणे बंधनकारक झाले. आज ती यंत्रणा, म्हणजे इव्हॅप, आपल्याकडच्याही प्रत्येक पेट्रोल कारमध्ये असते.

इव्हॅप बिघडली तरी गाडी बहुधा नेहमीसारखीच पळते, फार तर चेक इंजिनचा दिवा लागतो. मग कुणी दुर्लक्ष करतो, तर कुणी स्कॅनरवरचा कोड पाहून अंदाजाने पार्ट बदलत सुटतो. कोड कुठला पार्ट गेला ते सांगत नाही. कुठल्या चाचणीत गाडी नापास झाली, एवढेच तो सांगतो. त्रास नेमका केव्हा जाणवतो यावर लक्ष ठेवले, तर दोष कुठल्या बाजूला आहे हे घरी, फारशा हत्यारांशिवाय ठरवता येते.

त्यासाठी रचना डोळ्यांसमोर हवी. टाकीतली वाफ कॅनिस्टर नावाच्या डब्यात जाते आणि तिथले सक्रिय कोळशाचे दाणे ती धरून ठेवतात. डब्याला आणखी दोन वाटा असतात. एक इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डकडे जाते, तिच्यावर पर्ज व्हॉल्व्ह असतो. दुसरी बाहेरच्या हवेकडे उघडते, तिच्यावर व्हेंट व्हॉल्व्ह असतो. इंजिन तापले की कॉम्प्युटर पर्ज व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडतो. इंजिनच्या ओढीने व्हेंटमधून ताजी हवा आत येते, कोळशातली वाफ सोबत घेते आणि ती वाफ सिलिंडरमध्ये जळून जाते. वीज नसताना पर्ज बंद असतो आणि व्हेंट उघडा असतो. पुढच्या सगळ्या चाचण्या या एका वाक्यावर उभ्या आहेत.

अमेरिकेतल्या गाड्या याच्याही पुढे जातात. तिथे कॉम्प्युटर दोन्ही वाटा बंद करतो आणि टाकीतला दाब टिकतो की नाही ते पाहतो. १९९६च्या मॉडेलपासून एक मिलिमीटरचे आणि २०००पासून टप्प्याटप्प्याने अर्ध्या मिलिमीटरचे, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही बारीक भोक पकडणे सक्तीचे झाले. मोठ्या गळतीला पी ०४५५, लहान गळतीला पी ०४४२, अगदी बारीक गळतीला पी ०४५६ असे कोड येतात. भारतातल्या नियमांची किमान अपेक्षा पर्ज व्हॉल्व्हचे विद्युत सर्किट शाबूत आहे की नाही, एवढे तपासण्याची आहे. त्यामुळे न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाला जो दिवा झाकण सैल राहिल्यावर दिसतो, तो पुण्यातल्या गाडीत बहुधा लागतच नाही. इथे नाकाला येणारा पेट्रोलचा वास आणि गाडीची वागणूक यांवरच भिस्त ठेवावी लागते.

गळतीचा कोड असेल तर सुरुवात टाकीच्या झाकणापासून करावी. रबराच्या सीलवर बोट फिरवून भेग, चपटेपणा किंवा चिकटलेली माती आहे का ते पाहावे. झाकण ज्या कडेवर बसते तिथला गंजही पुसून पाहावा. झाकण नीट लावल्यावर दिवा लगेच विझेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. कॉम्प्युटरची गळतीची चाचणी गाडी काही तास थंड उभी राहिल्यावर आणि टाकी ना फार रिकामी ना फार भरलेली असतानाच होते. उत्तर मिळायला काही दिवस जातात.

पेट्रोल भरल्याबरोबर गाडी सुरू व्हायला त्रास देत असेल, आयडलिंगला थरथरत असेल, तर पर्ज व्हॉल्व्हवर पहिला संशय घ्यावा. तो उघडाच अडकला तर टाकीतली दाट वाफ नको त्या वेळी इंजिनात शिरते. याची तपासणी सोपी आहे. इंजिन बंद करून व्हॉल्व्हची कॅनिस्टरकडची नळी आणि विजेचा कनेक्टर काढावा. मग इंजिन सुरू करून व्हॉल्व्हच्या उघड्या तोंडावर बोट धरावे. वीज तोडलेली आहे, म्हणजे व्हॉल्व्ह बंद असायला हवा आणि बोटाला ओढ लागता कामा नये. लागली, तर व्हॉल्व्ह गेला. कनेक्टर काढल्यामुळे पी ०४४३ हा सर्किटचा कोड उमटू शकतो. तो आपणच निर्माण केलेला असतो, त्याच्या मागे लागू नये.

व्हॉल्व्ह काढलाच तर तो पांढऱ्या कागदावर आपटून पाहावा. काळे बारीक दाणे पडले, तर कॅनिस्टर आतून फुटला आहे आणि त्याचा कोळसा नळ्यांतून पुढे सरकला आहे. अशा वेळी नुसता नवा व्हॉल्व्ह बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे, कारण तेच दाणे त्यालाही अडकवतील. कॅनिस्टर बदलून नळ्या साफ केल्याशिवाय हे दुखणे जात नाही. कॅनिस्टर खराब होण्याचे एक कारण आपल्या हातात असते. पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यावरही ‘अजून थोडं टाका’ म्हणण्याची सवय. त्याने द्रव पेट्रोल कोळशापर्यंत पोहोचते, आणि कोळसा वाफेसाठी असतो, पेट्रोल पिण्यासाठी नव्हे. ही सवय खरोखर सोडावी.

टाकी रिकामी असूनही नोझल पुन्हा पुन्हा बंद होत असेल, किंवा झाकण उघडताना हवा जोरात आत खेचली जात असेल, तर व्हेंटची वाट तुंबली आहे. चिखलाच्या रस्त्यांवर ती मातीने बुजते. २०११ मध्ये माझदाने उत्तर अमेरिकेतल्या सुमारे ६५,००० माझदा-६ गाड्या परत बोलावल्या, त्या एका पिवळसर कोळ्याच्या जाळ्यामुळे. व्हेंटच्या नळीतल्या जाळ्याने हवा अडली, तर टाकीत ऋण दाब वाढून तिला तडा जाण्याचा धोका होता. व्हेंट व्हॉल्व्ह वीज नसताना उघडा असतो, म्हणून काढलेल्या व्हॉल्व्हमधून स्वच्छ नळीने फुंकर आरपार गेली पाहिजे.

राहिली बारीक गळती. उंदरांनी कुरतडलेली रबरी नळी, सांध्यापाशी पडलेली चीर, टाकीवरच्या फ्युएल पंपाचे सील. दिसेल तेवढे टॉर्चने पाहावे, नळ्या वाकवून पाहाव्यात. इथे घरच्या कामाची हद्द येते. कंप्रेसरची हवा टाकीत भरू नये. सील फाटतात आणि वाफेत हवा मिसळून स्फोटक मिश्रण होते. हवेत पेट्रोलची वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की एक ठिणगी पुरते. शिवाय ती हवेपेक्षा जड असल्याने बंद गॅरेजच्या जमिनीवर साचते. तापलेल्या तारेवर तेल जाळून धूर काढणारी घरगुती यंत्रे तर या टाकीजवळ आणूच नयेत. धुराची चाचणी ज्या गॅरेजकडे अगदी कमी दाबाचे योग्य यंत्र आहे, तिथेच करून घ्यावी.

दुरुस्तीनंतर कोड पुसावा आणि गाडी नेहमीसारखी वापरावी. स्कॅनरमधल्या रेडिनेसच्या पानावर इव्हॅपची चाचणी पूर्ण झाल्याचे दिसले आणि कोड परतला नाही, तरच काम झाले असे धरावे. ही चाचणी इतक्या सावकाश पूर्ण होते, की कॅलिफोर्नियातल्या स्मॉग तपासणीत २००० आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना नेमकी हीच एक चाचणी अपूर्ण असण्याची सवलत दिलेली आहे.