कार्टरची न्याहारी

व्हँकुव्हरच्या सफरीचा वृत्तांत वाचताना मी १५ जून १७९३ या तारखेपाशी दरवेळी अडखळतो. आजच्या ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर होडीतल्या खलाशांनी न्याहारीला शिंपले खाल्ले. आपल्या शिनाण्यांचेच भाऊबंद. थोड्याच वेळात काहींचे चेहरे, हातपाय बधिर झाले. ऊन पाणी पिऊन ओकलेले तिघे वाचले. जॉन कार्टर दुपारी गेला. त्याला पुरले तो कार्टर बे. शिंपल्यांची जागा पॉयझन कोव्ह. नाडी नियमित होती, फक्त क्षीण होत गेली, असे व्हँकुव्हर नोंदवतो.

त्या नोंदीचा अर्थ लागायला विसावे शतक उजाडावे लागले. विष शिंपल्याचे नव्हेच. त्याने गाळून खाल्लेल्या एकपेशीय शैवालाचे, सॅक्सिटॉक्सिन. शिजवूनही ते जात नाही. चेतापेशीत सोडियम शिरतो त्या वाटेच्या तोंडाशी ते बुचासारखे बसते. पेशी फुटत नाही, मरत नाही. तिचा निरोपच पुढे जात नाही. मग श्वासाचे स्नायू थबकतात. बूच मात्र कायमचे नसते. तोवर कृत्रिम श्वास देता आला, तर रोगी बहुधा उठून बसतो. कार्टरपाशी तशी सोय कुठली! होते ते फक्त ऊन पाणी.