पानिपतचा प्रश्न आणि जयपूरजवळची तीन गावं



पानिपतचा विषय निघाला की तुमच्यापैकी कुणीतरी हमखास विचारतं, "साहेब, राजपूत मदतीला का आले नाहीत?" आज त्याच प्रश्नावर बोलू. पण दिल्लीच्या वाटेनं नाही, माझ्या घराजवळच्या रस्त्यांनी.

फौजेतून निवृत्त झाल्यावर मी जयपूरच्या राजा पार्कात स्थायिक झालो. फाळणीत घरदार सोडून आलेल्या पंजाबी कुटुंबांनी नावारूपाला आणलेली ही वस्ती. शनिवार उजाडला की मी आणि सौ. गाडी काढतो, डबा आणि पाण्याच्या बाटल्या घेतो आणि एखाद्या शांत गावाकडे निघतो. नकाशा उघडला की सवयीनं मी आधी रणभूमी शोधतो, आणि या भागात तिथं मराठ्यांचं नाव निघतंच.

पहिलं गाव बगरू. अजमेर रस्त्यानं तासाभराचं अंतर. आज ते ठशांच्या छपाईसाठी प्रसिद्ध आहे. मोकळ्या मैदानांत रंगीत कापडं वाळत असतात. सवाई जयसिंह 1743 साली वारले आणि ईश्वरीसिंह व माधोसिंह या भावांत गादीचा तंटा लागला. 1747 मध्ये राजमहालच्या लढाईत ईश्वरीसिंह जिंकला. त्या विजयाचा मनोरा, ईसरलाट, त्रिपोलिया बाजाराजवळ आजही उभा आहे. पण ऑगस्ट 1748 मध्ये मल्हारराव होळकर माधोसिंहाच्या बाजूनं उतरले. भर पावसात बगरूला लढाई झाली. रसद तुटली आणि ईश्वरीसिंहाला तह करावा लागला. भावाला परगणे आणि मराठ्यांना पैसा, असा तो तह होता.

तो पैसा काही पुरता आला नाही. डिसेंबर 1750 मध्ये वसुलीसाठी मल्हारराव जयपूरवर चालून आले, तेव्हा ईश्वरीसिंहानं विष घेतलं. मराठ्यांच्या पाठिंब्यानं माधोसिंह गादीवर बसला. मग आपल्याच माणसाकडे आपण पुन्हा भली मोठी रक्कम मागितली.

आता जानेवारी 1751. जयपूर तेव्हा अवघं चोवीस वर्षांचं, आखीव रस्त्यांचं नवं शहर. आपले हजारो लोक ते बघायला, देवदर्शनाला, खरेदीला तटाच्या आत गेले. दहा तारखेला शहर उठलं आणि त्यांची कत्तल झाली. मृतांचा आकडा हजारांत सांगितला जातो. शहर पाहायला गेलेली माणसं ती. खंडणीचा हिशेब त्यांच्या रक्तानं चुकता झाला.

मंडळी, दहा वर्षांनी पानिपत झालं, तेव्हा जयपूरच्या गादीवर हाच माधोसिंह होता. तो स्वस्थ बसला. त्याची इतर कारणंही असतील, पण बगरूपासून जयपूरपर्यंतचा हा हिशेब बाजूला ठेवून त्याला दोष देणं मला पटत नाही.

दुसरं गाव तुंगा. घाट की गूणीचा बोगदा ओलांडून आग्रा रस्त्यानं बस्सीला जायचं आणि तिथून आत वळायचं. सपाट शेतं, मधूनच टेकड्या. इथं 28 जुलै 1787 रोजी महादजी शिंदे आणि जयपूर-जोधपूरच्या फौजा भिडल्या. महादजी थकलेली खंडणी वसूल करायला आले होते, आणि त्यांच्याच पलटणींचे पगार महिनोन् महिने थकले होते. लढाईत निर्णय लागला नाही. पण नंतर त्यांच्या हिंदुस्थानी पलटणी तोफांसह शत्रूला जाऊन मिळाल्या. महादजींनी माघार घेतली, पण शिस्तीत. फौजेत राहिलेला माणूस सांगेल, पराभूत मनाच्या सैन्याला एकसंध मागे आणणं हे चढाईपेक्षा अवघड काम असतं.

तिसरं पाटण. दिल्ली रस्त्यानं कोटपुतली आणि तिथून नीम का थानाच्या वाटेला लागायचं. अरवलीच्या कुशीतलं गाव, डोंगरावर किल्ला. इथं 20 जून 1790 रोजी डी बॉयनच्या पलटणींनी इस्माईल बेग आणि राजपुतांच्या फौजेचा पराभव केला. कवायत तर होतीच, पण या पलटणींना पगारही वेळेवर मिळत होता. तुंग्याचा धडा महादजी शिकले होते.

पण अर्धाच. सैनिकाचं पोट भरलं, शेजाऱ्याचं मन जिंकायचं राहून गेलं. त्या वेळचा जयपूरचा राजा प्रतापसिंह म्हणजे माधोसिंहाचाच मुलगा. पुढे 1799 साली हवामहल बांधणारा तोच. आणि 1818 मध्ये जयपूरनं इंग्रजांशी करार केला. मराठ्यांच्या वसुलीला कंटाळलेल्या राज्याला तो सुटकेसारखा वाटला असेल, तर नवल नाही.

महादजी आणि मल्हारराव यांच्याबद्दलचा माझा आदर यानं तसूभरही कमी होत नाही. मात्र मी या गावांत जातो तेव्हा चहाच्या टपरीवर आधी ऐकून घेतो, मग बोलतो. तुम्ही जयपूरला याल तेव्हा आमेर, हवामहल अवश्य बघा, पण एक सकाळ बगरूसाठी राखून ठेवा. मुलांना बरोबर घ्या. त्यांना मल्हाररावांची गोष्ट सांगाल, तेव्हा ईश्वरीसिंहाचीही सांगा. दोघांची गोष्ट एकाच मातीत घडली आहे.