देसाईगंज ते जिंतूर : लैंगिक अत्याचारविरोधी चळवळीची वाटचाल

परभणी जिल्ह्यातील जिंतूर हे तालुक्याचे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, १९५६ मध्ये ते मराठवाड्याबरोबर द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. राज्ये बदलली, तरी आसपासच्या खेड्यांतील स्त्रीचा सरकारशी संबंध येत राहिला तो मुख्यतः पोलीस ठाण्यात आणि तहसील कचेरीत. म्हणूनच लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या चळवळीने काय कमावले, याची कसोटी अशा तालुक्याच्या गावी लागते.

महाराष्ट्रात या चळवळीला तोंड फुटले तेही राजधानीपासून दूरच्या एका ठाण्यामुळे. २६ मार्च १९७२ च्या रात्री विदर्भातील देसाईगंज येथे, भावाच्या तक्रारीवरून ठाण्यात आणलेल्या एका आदिवासी मजूर मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपींना सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये, भीतीपोटी पत्करलेली शरणागती म्हणजे संमती नव्हे, असे सांगून त्यांना दोषी ठरवले. परंतु सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९७८ मध्ये, मुलीच्या अंगावर जखमा नाहीत आणि तिने प्रतिकार केल्याचे दिसत नाही, या आधारावर ती शिक्षा रद्द केली. ठाण्याच्या चार भिंतींत, वर्दीतल्या माणसासमोर, एका गरीब मुलीने किती प्रतिकार करावा अशी अपेक्षा होती, हा प्रश्न त्या निकालाने उभा केला.

तो जाहीरपणे विचारला उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार कायदेतज्ज्ञांनी, सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रातून. पाठोपाठ मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला आणि ८ मार्च १९८० रोजी अनेक शहरांत स्त्रिया फेरविचाराची मागणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. निकाल फिरला नाही, मात्र १९८३ मध्ये कायदा बदलला : कोठडीतील बलात्कार, म्हणजे ताब्यातील स्त्रीवर पोलिसाने किंवा सरकारी नोकराने केलेला बलात्कार, हा स्वतंत्र गुन्हा ठरला, अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाल्यावर, संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, असे ठरले, आणि पीडितेची ओळख उघड करण्यावर बंदी आली.

कामाच्या ठिकाणच्या छळाचा प्रश्न पुढे राजस्थानातील भटेरी गावात सरकारी कार्यक्रमाच्या एका कार्यकर्तीवर तिच्या कामापायी झालेल्या बलात्काराच्या घटनेमुळे ऐरणीवर आला. त्यातून सर्वोच्च न्यायालयाची १९९७ ची ‘विशाखा’ मार्गदर्शक तत्त्वे आणि २०१३ चा कायदा झाला. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणच्या किंवा खुद्द मालकाविरुद्धच्या तक्रारींसाठी या कायद्याने जिल्ह्याला स्थानिक समिती दिली आणि प्रत्येक तालुक्यात एक समन्वय अधिकारी नेमण्यास सांगितले, ज्याने आलेली तक्रार सात दिवसांत समितीकडे पोचवायची असते. कागदावर तरी जिंतूरच्या शेतमजूर बाईला परभणी गाठण्याची गरज उरली नाही.

तथापि परभणी जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रियांचे काम या चौकटीत नीट बसत नाही. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, हंगामाआधी घेतलेली उचल दोघांच्या श्रमातून फिटते, हिशेब मुकादमाकडे असतो, आणि फड दुसऱ्याच जिल्ह्यात असतो. समितीचा अधिकार मात्र आपल्या जिल्ह्यापुरता असल्याने, तोंड उघडायचे तर परक्या मुलखात, ज्याचे पैसे अंगावर आहेत त्याच्याच माणसांसमोर, अशी तिची कोंडी होते. देसाईगंजच्या प्रकरणाने शिकवले ते हेच की सत्तेपुढच्या मौनाला संमती मानता येत नाही. ते तत्त्व कायद्यात आले, आता ते फडावर पोचायला हवे. त्यासाठी समन्वय अधिकाऱ्याचे नाव गावोगावी माहीत असणे आणि घरी परतल्यावर जिंतुरात दिलेली तक्रार फडाच्या जिल्ह्यातील समितीने स्वीकारणे, एवढी व्यवस्था तरी शासनाने केलीच पाहिजे.