विट्याचा कागद साताऱ्यात

यशवंतराव चव्हाण 12 मार्च 1913 रोजी देवराष्ट्र्यात जन्मले. तेव्हा हे गाव खानापूर तालुक्यात, सातारा जिल्ह्यात होतं. आज ते कडेगाव तालुक्यात, सांगली जिल्ह्यात आहे. खानापूर तालुक्याचं ठाणं विटा. इथलं घराणं शोधणाऱ्याने हा फेर आधी ध्यानात घ्यावा. दक्षिण सातारा जिल्हा 1949 मध्ये वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली झालं. त्याआधीचा कागद साताऱ्याच्या नावाखाली शोधावा लागतो. 1848 च्या मागे जायचं तर राज्यच छत्रपतींचं. त्यांच्या दफ्तराचे रुमाल पुण्याच्या पेशवे दफ्तरात आहेत.

सगळ्यात बोलका कागद म्हणजे गावनमुना 14, जन्ममृत्यूचं रजिस्टर. जुनी पानं मोडी लिपीत. आडनाव बहुधा नसतंच. ‘रामा बिन गोपाळा’ एवढंच, म्हणजे गोपाळाचा मुलगा रामा. पुढे जात, तारीख आणि मृत्यू असेल तर दुखणं. 2023 पासून कुणबी नोंदींसाठी ही रजिस्टरं पानन्‌पान चाळली गेली. तिथे शोध जातीच्या रकान्याचा होता. वंशावळीसाठी मात्र अख्खी ओळ वाचावी, तिच्या खालची-वरचीही. 1918 च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत, एकाच घरातली माणसं लागोपाठ गेलेली दिसली, तर एखादी शाखा तिथेच का खुंटली ते कळतं.

त्या नोंदीला फेरफाराची जोड द्यावी. खातेदार वारला की वारसांची नावं चढतात. जुन्या फेरफारांत मुली क्वचितच दिसतात; 1956 च्या वारसा कायद्यानंतर त्या येऊ लागल्या. म्हणून पणजीच्या बहिणीचा माग काढायचा तर माहेरचा सातबारा पुरत नाही.

तारखा जपून वाचाव्यात; जुन्या कागदांत शुहूर आणि फसली या वेगळ्या कालगणना येतात. शुहूर सन 1249 आणि फसली 1258 हे एकच वर्ष: जून 1848 ते जून 1849. इसवी सनासाठी शुहुरात 599 मिळवायचे, फसलीत 590. जानेवारीपासूनचा महिना असेल तर आणखी एक.

पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळी सांगणारा हेळवी दारी आला तर त्याच्या वहीतली पिढ्यांची नावं जरूर उतरवून घ्यावीत. साल मात्र त्यावरून ठरवू नये. नावाला कागदाचा दुजोरा मिळेपर्यंत ते पेन्सिलनेच लिहावं.

इथली गलाईवाली घरं सोन्याचांदीच्या धंद्यासाठी केरळ, तमिळनाडूपर्यंत पांगली. त्यांच्या अलीकडच्या जन्मनोंदी तिकडच्या नगरपालिकांत आहेत. कोण कोणत्या शहरात होतं, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनाच विचारावं, आणि तेही लवकर.