एपिऊसिओस

एपिऊसिओस : नव्या करारातील एक ग्रीक विशेषण. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत ते ‘आर्टोस’ (भाकर) या नामाला लागून येते. मत्तय ६:११ आणि लूक ११:३ ही त्याची बायबलमधील दोनच स्थळे. ‘डिडाखे’ या आरंभकालीन ख्रिस्ती पुस्तिकेच्या आठव्या अध्यायातही ते आढळते. मात्र तिथे हीच प्रार्थना उतरवून ती दिवसातून तीनदा म्हणावी असे सांगितले असल्याने तो स्वतंत्र दाखला धरता येत नाही. मराठीत ‘रोजची’ हा प्रतिशब्द रूढ आहे. तो सोयीचा असला तरी सिद्ध झालेला नाही.

शब्दाची अडचण सर्वप्रथम नोंदवली ती अलेक्झांड्रियाच्या ओरिजेनने. इ. स. २३४ च्या सुमारास लिहिलेल्या प्रार्थनाविषयक ग्रंथात तो सांगतो, की हा शब्द विद्वानांच्या लेखनात नाही, सामान्यांच्या बोलण्यातही नाही. तो शुभवर्तमानकारांनीच घडवला असावा. ग्रीक ही ज्याच्या घरची आणि अभ्यासाची भाषा, त्याची ही साक्ष आहे. नंतरच्या कोशकारांनी तिला दिले त्याहून अधिक वजन द्यायला हवे.

व्युत्पत्ती : मुख्य मते तीन. (१) ‘एपि’ + ‘ऊसिआ’ (अस्तित्व, सत्त्व) : जगण्यास आवश्यक, किंवा सत्त्वरूप. ओरिजेनचा कल इकडे होता. सेप्टुअजिंट या जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरातील ‘पेरिऊसिओस’ (निर्गम १९:५) हा शब्द त्याने तुलनेला घेतला. आक्षेप असा, की स्वरापुढे ‘एपि’मधील अंत्य ‘इ’ सहसा लोपतो, म्हणजे रूप ‘एपूसिओस’ व्हायला हवे. अपवाद आहेत, पण बहुतेकांची कारणे वेगळी आहेत. (२) ‘एपि’ + ‘ऊसा’ (असलेला, चालू दिवस) : ‘चालू दिवसापुरती’. येथेही तोच आक्षेप लागू होतो. (३) ‘एपिएनाय’ (पुढे येणे) या क्रियापदावरून : ‘येणाऱ्या दिवसाची’. यात ‘इ’ मूळ धातूचाच असल्याने लोपाचा प्रश्न उरत नाही. शिवाय ‘एपिऊसा’ हे रूप ‘दुसरा दिवस’ किंवा, एका ठिकाणी, ‘पुढची रात्र’ अशा अर्थाने प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात पाच वेळा आले आहे (७:२६, १६:११, २०:१५, २१:१८, २३:११). व्याकरणाच्या कसोटीवर तिसरे मत सर्वांत भक्कम आहे.

पपायरसचा पुरावा : ओरिजेनचे म्हणणे खोडून काढणारा एकच कागद दीर्घकाळ दाखवला जात असे. फ्लिंडर्स पेट्री यांना इजिप्तमधील फय्यूम भागात हवारा येथे पपायरसचे तुकडे सापडले. त्यांतील एका घरखर्चाच्या यादीचे वाचन आर्चिबल्ड सेस यांनी १८८९ मध्ये प्रसिद्ध केले. जिन्नस आणि त्यापुढे रक्कम, अशी ती साधी टाचणयादी होती. तिच्यातील एका ओळीत, अर्ध्या ओबोलच्या नोंदीशेजारी, ‘एपिऊसि’ एवढी अक्षरे सेस यांना दिसली. पुढचा भाग तुटलेला होता. फ्रीड्रिख प्रायझिग्के यांनी १९१५ मध्ये ही यादी आपल्या पपायरस-संग्रहात ५२२४ या क्रमांकाने घेतली. शिपाई आणि गुलाम यांना मिळणाऱ्या शिध्याला लॅटिनमध्ये ‘दिआरिआ’ म्हणत. त्याचाच हा ग्रीक पर्याय, असे मग मांडले गेले. प्रार्थनेतील भाकर म्हणजे रोजचा शिधा, हा अर्थ त्यामुळे कोशांत स्थिरावला. नव्या कराराची ग्रीक ही बाजारात बोलली जाणारी ग्रीक होती, या त्या काळी जोर धरलेल्या विचारालाही तो जुळणारा होता.

पपायरस मात्र पुढे गहाळ झाला आणि कित्येक दशके सगळी चर्चा सेस यांच्या नकलेवरच चालली. १९९८ मध्ये तो येल विद्यापीठाच्या बायनेके ग्रंथालयात पुन्हा हाती लागला. निजमन आणि वॉर्प यांनी मूळ अक्षरे तपासून १९९९ मध्ये नवे वाचन दिले : शब्द ‘एलायऊ’ आहे, म्हणजे तेलाचा. घरखर्चाच्या यादीत तेल असणे स्वाभाविकच. प्रार्थनेबाहेरचा हा बहुचर्चित दाखला त्याबरोबर निकालात निघाला. तरी जुन्या कोशांच्या आधारे लिहिलेल्या टीकांत तो अजून भेटतो.

भाषांतरे : जुन्या लॅटिन पाठांत ‘रोजची’ या अर्थाचा ‘क्वोतिदिआनुस’ होता. जेरोमने चौथ्या शतकाच्या अखेरीस शुभवर्तमाने सुधारताना लूकमध्ये तो ठेवला आणि मत्तयमध्ये ‘सुपरसबस्टान्शिआलिस’ (सत्त्वापलीकडची) असा नवा शब्द योजला. एकाच ग्रीक शब्दासाठी एकाच भाषांतरकाराचे हे दोन प्रतिशब्द. मत्तयवरील टीकेत तो आणखी एक माहिती देतो : इब्री लोकांच्या शुभवर्तमानात त्याला या जागी ‘महार’, म्हणजे ‘उद्या’, असा शब्द आढळला होता. ते शुभवर्तमान आज उपलब्ध नाही.

उपासनेत ‘क्वोतिदिआनुस’ टिकला. बाराव्या शतकात पीटर ॲबेलार्डने पॅराक्लीट मठातील जोगिणींना मत्तयचा पाठ म्हणायला लावला, तेव्हा क्लेअरवोच्या बर्नार्डने त्यास हरकत घेतली. ॲबेलार्डने पत्र लिहून आपली बाजू मांडली. कॅथार पंथीयही ‘सुपरसबस्टान्शिआलिस’च म्हणत. सिरियाक पेशित्तामध्ये ‘आमच्या गरजेची’ असा अर्थ आहे, त्याआधीच्या क्युरेटोनियन पाठात ‘नित्याची’, तर बोहैरिक कॉप्टिकमध्ये ‘उद्याची’.

अर्थविचार : क्रिसोस्टोमने एका दिवसापुरते अन्न असा अर्थ घेतला. प्रभुभोजनातील भाकर, असा अर्थ लावणारी परंपराही जुनी आहे. विसाव्या शतकात योआखिम येरेमिआस यांनी ‘उद्याची भाकर’ म्हणजे येणाऱ्या देवराज्यातील मेजवानी, असे प्रतिपादन केले. ‘उद्याची’ या अर्थाला मत्तय ६:३४ मधील उद्याची चिंता न करण्याचा उपदेश आड येतो, असे काहींना वाटते. उद्याचे मागून टाकले की चिंता उरत नाही, हे त्यावरचे उत्तर. निर्गम १६ मधील मान्ना एका दिवसापुरताच टिके, शब्बाथाच्या आदल्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायचा असे. दोन्ही पक्ष या प्रकरणाचा आधार घेतात.

पूर्वेकडील मंडळ्या : ग्रीक उपासनेत मूळ शब्दच म्हटला जातो.

मराठी व कोंकणी : विल्यम केरी यांच्या सेरामपूर छापखान्यातून मत्तयचे मराठी शुभवर्तमान १८०५ मध्ये आणि संपूर्ण नवा करार १८११ मध्ये निघाला. ‘आर्टोस’साठी मराठीत ‘भाकर’ रुळला, तर गोव्याच्या कोंकणी प्रार्थनेत ‘गिरास’ (घास) आहे. मत्तयमध्ये मागणे ‘आज’साठी आहे, लूकमध्ये ‘दररोज’साठी, त्यामुळे लूकच्या प्रचलित मराठी पाठात ‘रोज’ दोनदा येतो. ही द्विरुक्ती मराठी भाषांतरकाराच्या माथी मारता येणार नाही. विशेषणाचा अर्थ ‘रोजची’ धरला की ती कोणत्याही भाषेत टळत नाही, आणि त्या अर्थाविरुद्धचा तो एक सबळ मुद्दा आहे.