गाणारे उस्ताद, जोडणारे उस्ताद

हैदराबादेत ‘उस्ताद’ अशी हाक मारली की दोन प्रकारची माणसं वळून बघतात. एक गाणारी-वाजवणारी. बडे गुलाम अली खाँसाहेबांनी देह ठेवला तो याच शहरात, बशीरबाग पॅलेसमध्ये, एप्रिल १९६८ मध्ये. तिथल्या मुख्य रस्त्याला त्यांचं नावही दिलेलं आहे. दुसरी माणसं म्हणजे मिस्त्री. घड्याळ, रेडिओ, स्कूटर, शिवणयंत्र, काहीही उघडून परत चालू करून देणारी. त्यांनाही तिथे उस्तादच म्हणतात, आणि त्या म्हणण्यात थट्टा नसते. पहिल्या उस्तादांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं आहे. आज लिहायचं आहे ते दुसऱ्यांविषयी. कारण पहिल्यांचा आवाज आपल्या घरात पोचला आणि टिकला, तो बराचसा या दुसऱ्यांच्या हातगुणामुळे.

निमित्त आहे एका बंद वॉकमनचं. नोकरीपायी काही वर्षं हैदराबादेत काढली, तेव्हा तो माझ्याबरोबर गोव्याहून तिथे गेला. आमच्या नात्यातल्या एका तारवट्याने बोटीवरून परतताना आणलेला. असा एखादा वॉकमन, टू-इन-वन नाहीतर एमपीथ्री प्लेअर तुमच्याही कपाटात नक्की असणार. चालत नाही आणि टाकवतही नाही! त्याचं करायचं काय, हा प्रश्न किरकोळ वाटेल, पण त्याच्या मागे शंभर वर्षांचा इतिहास आहे.

गाणं हातात धरून कुठेही न्यायची सुरुवात वॉकमनने केली असं आपण समजतो. ते तसं नाही. गोहरजानचं गाणं फ्रेड गायस्बर्गने कलकत्त्यात मुद्रित केलं ते १९०२ साली. सुरुवातीला आपल्या तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरहून छापून यायच्या. १९०८ मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला. १९१४ मध्ये इंग्लंडात डेक्काचा पेटीवजा ग्रामोफोन आला, आणि पहिल्या महायुद्धात सैनिकांनी तो थेट खंदकात नेला. पुढे १९३१ मध्ये एचएमव्हीचा १०२ नंबरचा ग्रामोफोन आला. सुटकेससारखा, कडी धरून उचलायचा, चावी दिली की झालं. विजेचं काम नाही. जिथे दिव्याची तार पोचली नव्हती तिथे गाणं पोचलं ते अशा पेट्यांतून.

तेव्हा तुटक्या-फुटक्याचं काय करत? तबकडी लाखेची असे, आणि जगाला लागणारी लाख मुख्यतः आपल्याच देशातून जाई. फुटलेली तबकडी भरडून तिचा माल नव्या तबकडीत मिसळता यायचा. दुसऱ्या महायुद्धात लाखेची चणचण झाली तेव्हा अमेरिकेत आणि इंग्लंडात जुन्या तबकड्या गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या. म्हणजे कुणाचं तरी मोडलेलं गाणं दुसऱ्या कुणाच्या नव्या गाण्यात विरघळत होतं. त्यात किती दुर्मीळ आवाज कायमचे गेले असतील, तो हिशेब कोण मांडणार?

मग कॅसेट आली. फिलिप्सने ती १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली. १ जुलै १९७९ रोजी जपानात सोनीचा पहिला वॉकमन विक्रीला आला. निळा-रुपेरी, किंमत ३३,००० येन. त्यात रेकॉर्डिंगची सोय नव्हती, म्हणून तो खपणार नाही असं म्हणणारे पुष्कळ होते. आणखी एक गंमत म्हणजे त्याला हेडफोनची दोन भोकं होती, दोघांनी मिळून ऐकावं म्हणून. २००१ मध्ये ५ जीबीचा पहिला आयपॉड आला आणि २०२२ मध्ये ॲपलने आयपॉडचं उत्पादनच थांबवलं. मधल्या काळात हे सगळं सामान कपाटांतून निघून बाजारात उतरत गेलं.

हैदराबादेत असा माल बघायचा तर पुरानापुलाजवळचा जुम्मेरात बाजार. पूल १५७८ चा, कुतुबशाहीतला. बाजार दर गुरुवारचा, म्हणून जुम्मेरात. जमिनीवर चादर पसरलेली आणि तिच्यावर नळाच्या तोट्यांपासून टेपरेकॉर्डरपर्यंत सगळं. सुटे भाग आणि नवा इलेक्ट्रॉनिक माल हवा असेल तर कोठीला, बँक स्ट्रीट आणि गुजराती गल्लीत जायचं. व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओंसाठी जुन्या शहरातली महबूब रेडिओ सर्व्हिस नावाजलेली होती. ज्या शहरात निजामाच्या काळापासून स्वतःचा डेक्कन रेडिओ होता (१९५० मध्ये तो आकाशवाणीकडे आला), तिथे रेडिओचे जाणकार असायचेच.

तर कोठीच्या एका उस्तादाने माझा वॉकमन उघडला, आत एक नजर टाकली आणि म्हणाला, “मर्‍या नईं साब, पट्टाइच गया.” हे ‘पट्टाइच’ ऐकून बरं वाटलं. दखनीतला हा जोर देणारा ‘च’ आपल्या मराठीचा, ‘नक्को’ही आपलाच. १९५६ पर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबाद संस्थानात, मग राज्यात होते, आणि दखनी व मराठीचा शेजार तर त्याहून कितीतरी जुना. भाषासुद्धा अशीच एकमेकींचे सुटे भाग बसवून चालतात!

पट्टा म्हणजे मोटरकडून फिरकीकडे जाणारं रबराचं बारीक कडं. वर्षानुवर्षं पडून राहिलं की ते सैल होतं, नाहीतर वितळून काळ्या डांबरासारखं चिकटतं. बंद पडलेल्या वॉकमनांपैकी कितीतरींचं दुखणं एवढंच असतं. चिकटा पुसायचा, नवा पट्टा चढवायचा, टेपचं हेड आणि रबरी रूळ स्पिरिटने साफ करायचे. मोटर जळली असेल तर जुम्मेरात बाजारातला दुसरा मुडदा घ्यायचा आणि दोघांतून एक उभा करायचा. उस्ताद मंडळी एवढ्याचसाठी काही फेकत नाहीत.

जे खरोखरच उभं राहत नाही, त्याचेही उपयोग आहेत. वॉकमनची मोटर दोन पेन्सिल सेलवर, म्हणजे तीन व्होल्टवर फिरते; मुलांच्या शाळेच्या प्रयोगाला याहून चांगलं काय? हेडफोन उलटा जोडला, म्हणजे माइकच्या भोकात घालून त्यात बोललं, तर तो कामचलाऊ माइक होतो, कारण पडदा, वेटोळं आणि चुंबक दोन्हीकडे तेच. हार्डडिस्कवाल्या जुन्या आयपॉडमध्ये डिस्क काढून मेमरी कार्ड बसवणारे हौशी लोक जगभर आहेत. पडदा फुटलेला एमपीथ्री प्लेअर संगणकाला जोडला तर पुष्कळदा पेनड्राइव्हसारखा चालतो. फक्त आतली बॅटरी फुगलेली असेल तर ती टोचू नका, जाळू नका, केरात टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या.

शोभेची वस्तू करणं हा उपयोग मला सर्वांत शेवटचा वाटतो. पितळी कर्ण्याचे जे चकचकीत ‘जुने’ ग्रामोफोन बाजारात दिसतात, त्यातले बरेचसे हल्लीच जोडलेले असतात. सालारजंग म्युझियममधलं ते प्रसिद्ध घड्याळ आठवा. तासाच्या ठोक्याला त्यातला दाढीवाला बाहुला बाहेर येऊन घंटा वाजवतो, म्हणून तर माणसं तासाआधी जागा धरून बसतात. ते बंद असतं तर कोण बसलं असतं?

आणि वॉकमन चालू करायचं खरं कारण तो वॉकमन नाहीच, त्यात घालायच्या कॅसेटी आहेत. विकतच्या कॅसेटीतली गाणी आज बहुतेक दुसरीकडे मिळतात. पण गोव्यातल्या किती घरांत अजून घरी भरलेल्या कॅसेटी आहेत! चवथीच्या आरत्या, मागे घुमट, मध्येच मुलांचा आरडाओरडा. आजीच्या ओव्या. गावच्या देवळातलं भजन. त्यांची दुसरी प्रत जगात कुठेही नाही. केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी ‘जात कहाँ हो’ १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांतून अंतराळात गेली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण पाठवणाऱ्यांनी तबकडीबरोबर सुईसुद्धा पाठवली, आणि ती मिनिटाला १६⅔ फेऱ्यांनी फिरवायची हे वेष्टनावर आकृतीने कोरलं. वाजवायचं साधन नसेल तर तबकडी मुकी, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आपण मात्र कॅसेटी जपतो आणि वॉकमन भंगारात घालतो.

काम अवघड नाही. वॉकमनच्या हेडफोनच्या भोकातून एक तार संगणकाच्या लाइन-इनला जोडायची आणि ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करायचं. ६० मिनिटांच्या कॅसेटला ६० मिनिटंच लागतात, त्याला जवळची वाट नाही. कॅसेटचं कवच फुटलं असेल तर आतली टेप स्क्रूवाल्या दुसऱ्या कवचात हलवता येते. माझ्या वॉकमनने पट्टा बदलल्यावर अशा अकरा कॅसेटी पार पाडल्या, आणि त्यानंतरच त्याची मोटर कुरकुरू लागली.

शेवटचं एक. फाइलला नुसतं ‘कॅसेट ३’ असं नाव देऊ नका. आवाज कोणाचा, साल कुठलं, घुमट कोण वाजवतंय, हे घरातल्या जाणत्या माणसाला शेजारी बसवून विचारा आणि लिहून ठेवा. पट्टा कोठीत मिळेल, मोटर जुम्मेरात बाजारात मिळेल, पण “अगो, हा तर नानाचा आवाज!” असं सांगणारं माणूस कुठल्याच बाजारात मिळायचं नाही.