मायानगरीचे रहिवासी

लहानपणीं आपण सर्वांनीं भातुकली खेळली आहे. चुरमुऱ्यांचा भात, पानाची ताटली, खोटा नवरा, खोटी सासू आणि खरींखुरीं भांडणें! दिवेलागण झाली कीं तो संसार आवरला जाई. पण समजा, तो आवरलाच गेला नसता. आपण घरीं जाऊन निजलों तरी तिकडे दुसरीं मुलें चूल पेटती ठेवीत राहिलीं असतीं, तर? ज्या खेळांविषयीं आज मी बोलणार आहें, ते असे कधींच न आवरले जाणारे खेळ आहेत. परस्परांशीं जोडलेल्या संगणकांवर हजारों माणसें एकाच कल्पित जगांत वावरतात, प्रत्येकानें एखादी भूमिका घेतलेली असते, आणि एकानें खेळ थांबविला तरी तें जग चालूच राहतें. घरोघरचे तरुण त्यांत रात्री घालवितात आणि वडील माणसें कपाळाला हात लावतात. या प्रेमाचें मूळ कशांत आहे, तें आपण त्यांच्या इतिहासावरून पाहूं.

या जगाची पायाभरणी इंग्लंडांत, कोल्चेस्टरजवळच्या एसेक्स विद्यापीठांत झाली. १९७८ सालीं रॉय ट्रुबशॉ या विद्यार्थ्यानें ‘मड’ नांवाचा खेळ रचण्यास आरंभ केला आणि १९८० मध्यें तो आपला सहाध्यायी रिचर्ड बार्टल याच्या हातीं सोंपविला. त्यांत चित्र एकही नव्हतें. पडद्यावर स्थळाचें वर्णन उमटे आणि खेळणारा शब्द टंकून पुढें सरके. रात्रीं विद्यापीठाचें यंत्र रिकामें असे, तेव्हां बाहेरचे लोकही टेलिफोनच्या तारेवरून त्यांत शिरूं लागले. कुळावरून आणि बोलण्याच्या ढबीवरून माणसाची पायरी ठरविणाऱ्या समाजाचा या दोघांना वीट आला होता. जेथें माणूस केवळ स्वभावानें आणि कर्तृत्वानें ओळखला जाईल असें जग त्यांना हवें होतें, असें बार्टल यांनीं पुढें सांगितलें आहे. या खेळांच्या मोहिनीचें पहिलें बीज येथेंच सांपडतें.

खेळ एकच, पण प्रत्येकाचें त्यावरील प्रेम निराळें. १९९६ सालीं बार्टल यांनीं एका निबंधांत खेळाडूंचे चार वर्ग पाडले आणि त्यांना पत्त्यांच्या चार रंगांचीं नांवें दिलीं. धन आणि पदव्या मिळविणारे ते चौकट. कानाकोपरा धुंडाळणारे ते इस्पिक, कारण इंग्रजींत त्या रंगाचें नांव आणि जमीन खणण्याच्या हत्याराचें नांव एकच. गप्पागोष्टींत रमणारे ते बदाम. आणि दुसऱ्याला छळण्यांत आनंद मानणारे ते किलवर, म्हणजे सोटेवाले! श्रोतेहो, ही वांटणी आपल्या गल्लीलाही लागू पडणार नाहीं काय?

१९९७ च्या सप्टेंबरांत अमेरिकेंतील रिचर्ड गॅरियट यांच्या मंडळीनें ‘अल्टिमा ऑनलाइन’ हा सचित्र खेळ खुला केला. त्यांत तलवार न उचलतांही जगतां येई. कोणी पाव भाजी, कोणी कपडे शिवी, कोणी मासे धरी. घर बांधण्याचीही सोय होती. त्या राज्याचा राजा लॉर्ड ब्रिटिश म्हणजे स्वतः गॅरियट. आपल्या पुराणांतील राजे अमरत्वाचा वर मागतात आणि त्यांत कोठें तरी फट राहून जाते, तसेंच येथें घडलें. १९९७ च्या ऑगस्टांत, खेळाची चाचणी चालू असतां, राजाला अवध्य ठेवणारी योजना अनवधानानें बंद राहिली. एका खेळाडूनें चोरलेल्या मंत्राचा अग्नि त्याच्यावर टाकला आणि खुद्द जगन्निर्माताच भर सभेंत गतप्राण झाला! निर्मात्यालाही ठाऊक नसलेलें कांहीं या जगांत घडूं शकतें, हें त्याचें दुसरें आकर्षण.

२३ नोव्हेंबर २००४ रोजीं ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ अवतरला आणि २०१० पर्यंत त्याच्या वर्गणीदारांची संख्या १ कोटी २० लाखांवर गेली. प्रारंभीं त्यांतील थोर मोहिमांना ४० जणांचा जमाव लागे. कोणी ढाल व्हावें, कोणी जखमा भराव्या, कोणी वार करावे. एकाची चूक सर्वांना भोंवे. अशा संगतींत माणूस कसा वागतो, तें सप्टेंबर २००५ मध्यें दिसलें. एका राक्षसाच्या शापाची सांथ खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांबरोबर शहरांत पोंचली. कांहीं पळाले, कांहीं शुश्रूषेला धांवले, तर कांहींनीं ती मुद्दाम पसरविली. सांथींच्या अभ्यासकांनीं २००७ मध्यें ‘लॅन्सेट’च्या संसर्गरोगविषयक नियतकालिकांत या प्रकाराची गंभीर चर्चा केली.

आतां एक खरी हकीकत. नॉर्वे देशांत एक तरुण स्नायू झिजविणाऱ्या असाध्य रोगानें चाकांच्या खुर्चीला खिळला होता. त्याचे बहुतेक दिवस याच खेळांत गेले. २०१४ सालीं, पंचविसाव्या वर्षीं, तो वारला. ना मित्र, ना प्रेम, ना कोणाच्या उपयोगीं पडण्याची संधि, याचेंच आईबापांना दुःख होतें. वडिलांनीं त्याच्या टिपणांच्या पानावर निधनाची वार्ता लिहिली, आणि देशोदेशींहून पत्रें येऊं लागलीं. कोणाला त्यानें एकाकीपणांत धीर दिला होता, कोणा आईला आपल्या मुलाजवळ जाण्याची वाट दाखविली होती. त्याचे कांहीं सवंगडी अंत्यविधीला नॉर्वेपर्यंत आले. त्या जगांत तो धांवत असे, आणि तेथें कोणी त्याची खुर्ची पाहिली नव्हती. २०२४ सालीं त्याच्यावर चित्रपट निघाला.

दुसरी बाजू झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें नव्हे. खेळाच्या अनावर आसक्तीला जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ मध्यें स्वीकारलेल्या रोगांच्या वर्गीकरणांत स्थान दिलें आहे. शिवाय या नगरींचा सातबारा रहिवाशांच्या नांवें नसतो. ‘स्टार वॉर्स गॅलेक्सीज’चें जग १५ डिसेंबर २०११ रोजीं मालकांनीं मिटविलें, तेथील घरें, दुकानें, शेजार, सारें एका रात्रींत नाहींसें झालें. उलट, ‘वॉरक्राफ्ट’चें जुनें रूप परत मिळावें म्हणून २०१६ मध्यें दोन लाखांहून अधिक लोकांनीं अर्जावर सह्या केल्या, आणि २०१९ च्या ऑगस्टांत तें परत आलें. माणसें खेळासाठीं एवढा हट्ट धरीत नाहींत. सुटलेल्या गांवासाठीं धरतात.

म्हणून आपल्या घरांतील मुलगा रात्रीं दिव्याशीं बसलेला दिसला, तर रागावण्यापूर्वीं एक प्रश्न विचारावा: “तुझ्याबरोबर तेथें कोण कोण आहे?” उत्तर ऐकून मग दिवा मालवावयाचा कीं नाहीं, तें ठरवावें.